कोल्ह्याचं नाव काय ठेवू?

खेळघर : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

गेल्या अंकात मी बोलण्याच्या ओघात लिहून गेले की रात्री ओटा पुसून झाला की मी ऑनलाइन कोल्हीण होते. त्यावर काही वाचकांनी काळजीने विचारपूस केली, एकांनी तर घरच्यांचा नंबर मागितला. तब्येत उत्तम आहे. हे रोलप्लेचे खेळ आहेत. प्रत्येकाने एक प्राणी घ्यायचा, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या पायांनी पळायचं. काही खेळांत प्राणी पडद्यावर दिसतो, आमच्या ग्रुपमध्ये मात्र नुसतं लिहायचं असतं. "तुरटीने कान टवकारले. ओढ्यापलीकडे कुणीतरी पाला तुडवत होतं." यातली तुरटी म्हणजे मी. पुढची ओळ दुसरा कुणी लिहितो, तो महूचा असेल नाहीतर मनिलाचा.

आलेल्या पत्रांत नावांवरची भांडणंच फार. म्हणून या खेपेला तेवढीच घेते.

प्रश्न : काकू, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लांडग्यांच्या एका ग्रुपमध्ये नाव नोंदवलं, 'अल्फाकिंगशॅडो००७'. ॲडमिन म्हणते, बदल, नाहीतर प्रवेश नाही. लांडगा माझा, नाव माझं, हिला काय त्रास? (एक लांडगा, रामबाग)

उत्तर : अरे, लांडगा तुझाच, पण हाक तिने मारायची आहे ना! समज, ओढ्याकाठी तुझ्या मागून अस्वल येतंय. चार जण भराभर टाइप करताहेत आणि त्यातल्या एकीला तुला सावध करायचंय. "अल्फाकिंगशॅडो००७, मागे बघ" एवढं लिहीस्तोवर अस्वलाचं जेवण उरकलेलं असेल. दोन दिवसांत तुझा 'अल्फ्या' होणार, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देते. मग आत्ताच धड नाव का ठेवत नाहीस?

खरा घोळ 'अल्फा' आणि 'किंग'चा आहे. पद नावात घालून आणायचं नसतं. कळपात पुढे कोण चालणार, पिल्लांपाशी कोण थांबणार, हे खेळता खेळता ठरतं. तू दारातच राजा होऊन आलास तर बाकीच्यांनी काय करायचं, ओवाळायचं? आणि ते 'अल्फा' प्रकरण, म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, तर लांडग्यांच्या अभ्यासकांनीच मागे घेतलंय. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यावरून ही कल्पना निघाली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती सगळीकडे पोचवली. त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तेव्हा लांडग्यांच्या हिशेबाने तू 'बापराजे' असं नाव लावून परक्या घरात शिरतोयस.

'शॅडो'बद्दल काय सांगू! आपल्याकडे कुठल्याही गल्लीत 'मोती' म्हणून हाक मारली की तीन कुत्री उठतात, तसं ऑनलाइन 'शॅडो' म्हटलं की पाच लांडगे वळतात. लूना आणि स्टॉर्मचीही तीच गत. राहिले आकडे. खातं उघडताना हवं ते नाव आधीच कुणी घेतलेलं असतं म्हणून आपण आकडे चिकटवतो, ते ठीक. पण खात्याचं नाव वेगळं, पात्राचं वेगळं. खात्याला ००७ राहू दे, लांडग्याला कशाला? वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात पात्राच्या नावात आकडे चालतच नाहीत, मोकळी जागाही नाही, आणि अक्षरं दोनपासून बारापर्यंत. त्यात जगभरच्या लोकांचं भागतं.

माझी रीत साधी आहे. नाव सुचलं की गच्चीत जाऊन एकदा मोठ्याने हाक मारायची. जीभ अडखळली किंवा स्वतःलाच लाज वाटली तर ते नाव बाद. तुझा लांडगा दिसतो कसा, चालतो कसा, काहीच लिहिलं नाहीस. करडा असेल तर 'राखुंडी' बघ. एका कानाचा तुकडा पडलेला असेल तर 'कानतुट्या'. ॲडमिनला सॉरी म्हणायची गरज नाही, नवं नाव पाठव, बास.

प्रश्न : नातवाने खेळातल्या कुत्र्याचं नाव 'खंडेराया' ठेवलं आहे. आमचं कुलदैवत जेजुरीचं. मी बदलायला सांगितलं तर म्हणतो, आजोबा, खंडोबाला कुत्रा प्रियच आहे. घरात दोन तट पडलेत. सूनबाई त्याच्या बाजूने. (एक आजोबा, सुदामा नगर)

उत्तर : आजोबा, नातवाचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. खंडोबाच्या मूर्तीपाशी कुत्रा असतोच. देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला त्याचे कुत्रे म्हणवून घेत, देवापुढे भुंकत, कोटंब्यात, म्हणजे भिक्षेच्या पात्रात, वाढलेलं खात. माणसाने प्राण्याचं सोंग घेऊन त्याच्या तोंडून बोलायचं, हे आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायला नको. होळकरांचंही कुलदैवत खंडोबाच, तेव्हा इंदुरात हे नाव ऐकलं की पुष्कळांचा हात आपोआप छातीकडे जातो.

पण वाघ्या हा देवाचा कुत्रा. नातवाने कुत्र्यालाच देव केलंय, आणि गाडं अडलंय ते तिथे. नाव देवाचं आहे म्हणून मी नाही म्हणत नाही. देवळातल्या हत्तिणीला लक्ष्मी म्हणतात, गोठ्यातल्या गायीला गौरी म्हणतात, कुणाला वावगं वाटत नाही. का? तर गौरीला नैवेद्याची पोळी मिळते. खेळातल्या कुत्र्याला काय मिळणार ते बघा. नातवाला समोर बसवा आणि कागदावर एक ओळ लिहायला सांगा : "तरसाने अमक्याला लाथ घातली आणि अमका शेपूट घालून पळाला." आता 'अमक्या'च्या जागी त्याने ठेवलेलं नाव घालून मोठ्याने वाचायला सांगा. रोलप्लेमध्ये अशी ओळ आज ना उद्या कुणीतरी लिहिणारच, आणि लिहिणाऱ्याला जेजुरी कुठे आहे हेही ठाऊक नसेल. त्याच्यावर चिडताही येणार नाही, कारण तो खेळतोय, अपमान करत नाहीये. वाचताना नातवाचा आवाज अडकला तर त्याचं त्यालाच कळेल. नाही अडकला तर, माफ करा, पण तुम्ही दोघं वेगवेगळ्या घरांत वाढलात असं समजा आणि तरीही नाव बदलायला लावा, कारण त्या ग्रुपमध्ये दुसरंही कुणी जेजुरीचं असू शकतं.

हीच ओळ संतांच्या, पैगंबरांच्या, गुरूंच्या नावांना लावून बघावी. आणि आपल्या गावापुरतं सांगायचं तर देवी अहिल्याबाईंच्या नावालाही. एकदा बाहेरगावच्या एका खेळाडूने आमच्याकडे शेळी आणली, नाव 'अहिल्या'. बिचारीला नाव गोड वाटलं, एवढंच. पण १७९५ साली गेलेल्या बाईंना इथे अजून 'मातोश्री' म्हणतात, हे तिला कोण सांगणार? इंदूरचे आम्ही सगळे पाच मिनिटं गप्प. कुणाच्याच शेळीला बें करता येईना. शेवटी मी तिला खासगीत लिहिलं, तिने हसत हसत 'आवळी' केलं.

नातवाला 'हळद्या' सुचवून बघा. कुत्रा पिवळा होईल, भंडाऱ्याची आठवण राहील आणि तरसाची लाथही चालून जाईल. सूनबाईंना माझा नमस्कार.

प्रश्न : मी हरणाचं नाव 'हर्षित' टाकलं तर खेळ म्हणतो, हे नाव स्वीकारता येत नाही. माझ्या मामेभावाचं नाव आहे ते! आणि एकूणच, इंग्रजी ग्रुपमध्ये मराठी नाव ठेवावं का? हसतील का? (देवास)

उत्तर : मामेभावाची काही चूक नाही. हर्षित रोमन अक्षरांत लिहून शेवटची चार अक्षरं वेगळी वाचा, म्हणजे यंत्राने नाक का दाबलं ते कळेल. असल्या चाळण्यांना नुसती अक्षरं दिसतात, नाव दिसत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना याच कारणाने एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना. गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी निघाली. तेव्हापासून संगणकवाले या दुखण्याला त्या गावाच्याच नावाने ओळखतात. खेळाच्या मदत विभागाला लिहून बघ. तोवर हरणाला 'हर्ष' म्हण, तेही चांगलं आहे.

मराठी नाव जरूर ठेव. हसत नाहीत, उलट विचारतात. फक्त ढ, ळ, ण यांच्यापासून जरा जपून. 'ढवळी'चं काय होतं ते मी पाहिलंय : एकाने डावली केलं, दुसरीने धावली, आणि ती गाय जन्मभर धावतच राहिली. 'मिरी', 'सुपारी', 'टिटवी', 'काजू' ही नावं कुणालाही लिहिता येतात. माझ्या तुरटीचं परदेशात 'तुर्ती' होतं, ते मी कधीच दुरुस्त करत नाही. नावाचा अर्थ सांगायचा तर कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या पानावर, एका ओळीत सांग, शिकार ऐन रंगात आली असताना नको.

जुन्यातलं हवं असेल तर पंचतंत्र आहेच. पिंगलक सिंह, चित्रग्रीव कबूतर, लघुपतनक कावळा, मंथरक कासव. ही नावं कुणाच्या मालकीची नाहीत, खुशाल घे. पण कोल्ह्याला 'दमनक' म्हणशील, म्हणजे पंचतंत्रातल्या त्या कान भरणाऱ्या कारस्थान्याचं नाव देशील, तर आमच्यातला प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून तुझ्यावर डोळा ठेवणार, मग तू गरीब कोल्हा म्हणून कितीही लिही.

प्रश्न : माझी काळी मांजर 'काजळी' ग्रुपमध्ये जुनी आहे. आता एक नवी मुलगी आली, तिनेही काळी मांजर आणली आणि नाव 'काजळ'. मी सरळ सगळ्यांसमोर चोरी म्हटलं. ती म्हणते, शब्द कुणाच्या बापाचा नाही. आता दोघी बोलत नाही. दुसरं, आमचा 'गुलाल' नावाचा बोका कथेत मेला. त्याचं नाव माझ्या पिल्लाला दिलं तर चालेल? (तिलक नगर)

उत्तर : शब्द कुणाच्या बापाचा नाही, हे तिचं खरं. पण एका ग्रुपात काजळ आणि काजळी नको, हे तुझंही खरं. यात चोरीचा संबंध नाही, सोयीचा आहे. टॅग करायला 'काज' लिहिलं की दोन्ही नावं खाली येतात, घाईत भलत्याच नावावर बोट पडतं, आणि मध्यरात्री भलत्याच मुलीचा फोन वाजतो की तुझी मांजर विहिरीत पडलीये. म्हणून रिवाज असा : जो आधी आला त्याचं नाव राहतं, मागून आलेल्याने बदलायचं. पहिलं अक्षरही वेगळं असलेलं बरं. मात्र हे नियम आपल्या ग्रुपच्या उंबऱ्यापर्यंत. तिने दुसरीकडे काजळ नावाने खेळावं, तुला विचारायची गरज नाही.

पण तू चारचौघांत 'चोरी' म्हटलंस, ते मला आवडलं नाही. अशी गोष्ट खासगीत लिहायची, तीसुद्धा पात्राबाहेर येऊन. मांजरीच्या तोंडून फिस्कारायचं नाही. आता तूच पुढाकार घे आणि लिही : "तुझी मांजर मस्त आहे. आपल्या दोघींची नावं टॅगमध्ये फार गोंधळ घालतात. तू दुसरं घेशील का? सुचवायला मदत करते." आणि खरंच मदत कर. 'काळी', 'सावली', 'रात्र' सोडून सुचव, ती सगळ्यांना सुचतात. काळ्या मांजरीला 'खारीक' का म्हणू नये? 'कोळशी', 'डांबरी', 'जांभूळ'?

गुलालचं प्रकरण नाजूक आहे. तुझ्यासाठी तो कथेतला बोका, पण तो लिहिणाऱ्या माणसाने त्याच्यात बरेच महिने घातलेले असतात. आधी त्या माणसाला विचार. नाही म्हणाला तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. हो म्हणाला तरी सगळा ग्रुप अजून हळहळत असताना पिल्लू आणू नकोस, नाहीतर "गुलाल आला" असं वाचून लोकांचा जीव वरखाली होतो. माणूस खेळ सोडून निघून गेला असेल, निरोपाला उत्तर देत नसेल, तर मी नाव जसंच्या तसं उचलणार नाही. 'गुलाली' करेन, म्हणजे आठवणही राहते आणि बोकाही त्याचा त्याच्यापाशी राहतो.

दुसऱ्याने सोडलेलं पात्र चालवायला घेतलं आणि नाव बदलायचं असेल तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आठ चित्ते आले, ते आपली नावं घेऊनच. पुढे २०२३ मध्ये एल्टनचा गौरव झाला, फ्रेडीचा शौर्य, ओबानचा पवन. बातम्यांत मात्र बरेच दिवस दोन्ही नावं शेजारी शेजारी छापून येत, म्हणून वाचणाऱ्याला चित्ता कोणता ते कळत राहिलं. तेवढं करा. नव्या नावापुढे काही दिवस 'पूर्वीचा अमुक' लावा. एका रात्रीत बदलून मोकळे झालात तर जुने सोबती नव्या प्राण्याला पाहुणा समजून हुसकतील.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. प्राण्यांच्या खेळात तिने स्वतःचं नाव, जन्मवर्ष आणि शाळेचं नाव जोडून ससा केलाय. काही बिघडतं का? (आई, लोकमान्य नगर)

उत्तर : बिघडतं. आजच बदला. अनोळखी माणसाला मुलीचं नाव, वय आणि ती दुपारी कुठल्या फाटकातून बाहेर पडते, हे एका ओळीत कळतं. घरच्या मांजराचं नावही नको, ते बहुतेक घरांत पासवर्ड असतं. नॅशनल जिओग्राफिकच्या साथीने २०१० मध्ये आलेल्या ॲनिमल जॅममध्ये तर मुलांना प्राण्याचं नाव टाइप करूच देत नाहीत. तीन याद्यांमधून एकेक शब्द उचलायचा आणि जोडायचा. तुम्हीही घरी तसंच करा : एक रंग, एक खाऊ, एक झाड. तिला मजा येईल.

प्रश्न : मी प्राणिशास्त्र शिकते. मला रोलप्लेमधली गोंडस नावं खटकतात. खरे प्राणी एकमेकांना नावाने थोडेच बोलावतात? (महू)

उत्तर : थोडे बोलावतात की! बाटलीनाक्या डॉल्फिनची प्रत्येकाची आपली शीळ असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना त्यांचीच शीळ ऐकवली तर त्यांनी उत्तर दिलं, दुसऱ्याची ऐकवली तर तेवढी दाद दिली नाही. केनियातल्या हत्तींवरचा २०२४ चा अभ्यास सांगतो की ते एकमेकांना हाका घालतात, त्यांत अमक्यासाठी अमकी असा फरक असतो आणि ज्याची हाक तोच जास्त वळतो. तुला अगदीच शास्त्रीय राहायचं असेल तर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची पद्धत उचल. १९९५ मध्ये तिथे लांडगे परत आणले, तेव्हापासून कॉलर लावलेल्या लांडग्याला आकडा आणि नर-मादीची खूण एवढंच देतात. प्रसिद्ध नर होता तो नुसता '२१ एम'. पण गंमत बघ, तिथल्याच '८३२ एफ' या मादीला बघायला येणारे लोक तिच्या जन्मवर्षावरून 'ओ-सिक्स' म्हणू लागले आणि जगाला तेच माहीत आहे. आकड्यालाही लोक टोपणनाव पाडतात. तू '१४ एफ' म्हणून ये, आठवड्यात तुझी 'चौदी' करतो.

प्रश्न : नावच नको असेल तर? मला नुसतं फिरायचंय. (नारायण बाग)

उत्तर : मग 'द एंडलेस फॉरेस्ट'मध्ये जा. बेल्जियमच्या टेल ऑफ टेल्स या दोघांच्या मंडळीने २००५ मध्ये केलेला खेळ आहे. सगळेच हरणं. बोलायची, लिहायची सोय नाही, मान हलवायची, उडी मारायची, शेजारी जाऊन बसायचं. डोक्यावर नावाऐवजी एक चित्रखूण तरंगते आणि तीच तुमची ओळख. जाऊन आलेले लोक पहिल्या दिवशी कंटाळतात, मग जाणं सोडत नाहीत. मला स्वतःला जमत नाही. बोलल्याशिवाय मी अर्धा तास बसले असं आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही.

उरलेली पत्रं, भराभर

माइनक्राफ्टमधल्या मेंढीला नाव कसं द्यायचं? (राजेंद्र नगर) : नेमटॅग मिळव, ऐरणीवर त्याला नाव दे आणि मेंढीला लाव. टॅग लावलेले प्राणी आपोआप नाहीसे होत नाहीत. 'डिनरबोन' लिहिलंस तर मेंढी उलटी चालेल, 'जेब' लिहून पुढे खालची आडवी रेघ दिलीस तर लोकर रंग बदलत राहील. स्पेलिंग रोमनमध्येच, जेबमध्ये सगळी अक्षरं लहान.

दोन मित्रांच्या वाघांना जोडीची नावं ठेवावीत का? (वैशाली नगर) : ठेवा. पण त्यांच्यातला एक भांडून निघून गेला की उरलेला 'ढग' वर्षभर 'वीज कुठाय' या प्रश्नाचं उत्तर देत बसतो.

गाढवाचं पात्र घेतलंय, ऑफिसातल्या साहेबांचं नाव दिलं तर? (नाव छापू नये) : साहेबांची मुलं कुठल्या ग्रुपात खेळतात ते आधी काढा.